कर्नलने सांडलेलं श्रीखंड

मागच्या महिन्यात मेलबर्नजवळ पॉइंट कुकला मुलाकडे गेलो होतो. नातवाचा वाढदिवस होता. जेवणं झाल्यावर तरुण मंडळी मागच्या अंगणात खुर्च्या टाकून बसली आणि मुलाच्या एका मित्राने गोष्ट सुरू केली. सिडनीजवळच्या वॉलॉंगॉंगला म्हणे एक खडूस गोरा म्हातारा राहायचा. दसऱ्याच्या दिवशी तो एका मराठी घरात न बोलावता घुसला, जेवायला बसलेल्या मुलीचं ताट त्याने ओढून फेकलं आणि ओरडला, "तुमचं हे घाणेरडं खाणं आमच्या देशात चालणार नाही!" मग आपल्या पोरांनी त्याला धरून बाहेर काढला.

"सीरियसली?" कुणीतरी विचारलं.

"अरे, माझ्या ओळखीतला एक जण तिथे होता. डोळ्यांनी बघितलंय त्याने."

ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकत नव्हतो. सिडनीत एका लग्नात ऐकली आहे, कॅनबेरात गुंगालिनला एका सत्यनारायणाला ऐकली आहे. गुंगालिनच्या गोष्टीत म्हाताऱ्याच्या हातात काठी होती आणि सिडनीच्या गोष्टीत शेवटी पोलीस येतात. म्हातारा काठी वापरत नसे. पोलीस आले नव्हते. त्याला रीतसर बोलावलेलं होतं आणि तो जे ओरडला ते हे नव्हे. मला हे ठाऊक आहे, कारण ते घर माझं होतं आणि त्या मुलीच्या ताटात श्रीखंड वाढत होतो तो मीच.

पॉइंट कुकलाही मी काही बोललो नाही. केक कापायचा होता, पोरं खोळंबली होती. पण घरी परतल्यापासून ती गोष्ट डोक्यातून जात नाही. माझं वय झालं. माझ्यानंतर हे नीट सांगू शकेल असं कुणी उरणार नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

त्याचं नाव लिहीत नाही. आमची पोरं त्याला कर्नल म्हणायची. तो कर्नल नव्हता. "मी ड्रायव्हर होतो," असं तो दर वेळी बजावायचा, "ट्रकचा ड्रायव्हर. कर्नलला भेटलोसुद्धा नाही कधी." पण नाव चिकटलं ते चिकटलं. वयाने तो माझ्याहून वीस-पंचवीस वर्षांनी मोठा, तेव्हा मराठीत त्याला अहो-जाहो करायला हवं. आमची ही त्याला अहो म्हणायची. माझ्या मनात मात्र तो अरे-तुरेच आहे. कुंपणाच्या दोन बाजूंना उभं राहून इतकी वर्षं गप्पा मारल्यावर दुसरं काय होणार?

आमचं घर वॉलॉंगॉंगच्या दक्षिणेला, मागे डोंगराची उभी कडा आणि पुढे समुद्र. पोर्ट केंबलाच्या पोलादाच्या कारखान्याच्या चिमण्या व्हरांड्यातून दिसतात. मी तिथे नोकरी केली. त्यानेही केली होती, माझ्या फार आधी, क्रेन चालवायचा. दुसऱ्या महायुद्धानंतर तो इंग्लंडहून इकडे आला तो कायमचाच. बायको वारलेली, मुलगी कॅनबेराला सरकारी नोकरीत.

आम्ही ते घर घेतलं त्या आठवड्यात त्याने कुंपणावरून हाक मारली.

"इंडियन?"

"हो."

"बंगालचा?"

"नाही. महाराष्ट्रातला. मुंबईच्या बाजूचा."

"ओह," असं म्हणून तो वळला आणि आत निघून गेला. मला भयंकर राग आला. म्हणजे बंगाली असतो तर बोलला असतास? पुढे पाहिलं तर तो भेटेल त्या भारतीयाला हाच प्रश्न विचारायचा. टॅक्सीवाल्याला, दुकानदाराला, हॉस्पिटलातल्या डॉक्टरणीला. बंगालचा का? आणि नाही म्हटलं की चेहरा पडायचा. त्याला एकही बंगाली कसा भेटला नाही कोण जाणे.

दुसरा प्रश्न सगळ्यांसाठी होता. बाकीचे लोक "हाऊ आर यू, मेट?" म्हणतात आणि उत्तर न ऐकता पुढे जातात. हा विचारायचा, "आज काय खाल्लंस?" आणि उत्तर ऐकून घेई. नुसतं "जेवलो" म्हणून भागायचं नाही. काय, किती, कधी, सगळं. आमच्या हिला त्याचं हे फार आवडे. "आपल्यातलाच आहे तो," ती म्हणायची, "चुकून तिकडे जन्माला आला."

तो स्वतः सगळं चहाच्या चमच्याने खायचा. सूप, पॉरिज, आइस्क्रीम, आमच्याकडचा वरणभात. चमचा शर्टच्या खिशात असायचा, पेनासारखा. बीचवर लोक सीगल पक्ष्यांना चिप्स टाकायचे आणि पक्षी एकमेकांच्या अंगावर तुटून पडायचे, ते पाहिलं की हा अनोळखी माणसांजवळ जाऊन सांगायचा, "हळू, मेट, हळू. एकेक द्या." लोकांना वाटायचं, म्हातारा सटकलेला आहे. मलाही तसंच वाटायचं आणि मी दोन पावलं मागे राहायचो, आम्ही एकत्र आलेलो नाही असं दिसावं म्हणून.

मग ती विद्यार्थ्यांची लाट आली. युनिव्हर्सिटीत एकाएकी सगळीकडे मराठी ऐकू यायला लागलं. पुण्याची, नाशिकची, सांगलीची पोरं. अकाउंटिंग, आयटी, नर्सिंग, मिळेल त्या कोर्सला. दिवसा क्लास, मग पेट्रोल पंपावर नाहीतर वृद्धाश्रमात शिफ्ट. आमच्या मागच्या दोन खोल्या आम्ही मुलींना दिल्या आणि रस्त्यापलीकडच्या भाड्याच्या घरात मुलं राहायला आली. ही सगळ्यांची काकू झाली. मी त्याच सुमारास आमच्या छोट्याशा मराठी मंडळाचा अध्यक्ष झालो आणि सगळ्यांचा काका.

कर्नलचा व्हरांडा आमच्यापेक्षा मोठा. कुणीतरी भारतातून कॅरम आणला होता, तो तिथेच ठेवलेला असायचा. दुपारी क्लास सुटले की पोरं तिथे जमत. तो खेळायचा नाही, खुर्चीत बसून बघायचा आणि क्वीन गेली की टाळ्या वाजवायचा. त्याची अट एकच, बोर्डवर पावडर टाकायची नाही. पोरं आधी हसली. एकाने गुपचूप डबी काढून चिमूटभर पावडर भुरभुरली. म्हातारा उठला, आतून ओलं फडकं घेऊन आला आणि बोर्ड कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पुसून काढला. त्या दिवशी खेळ झाला नाही, पण पुन्हा कुणी पावडर काढली नाही. स्ट्रायकर मध्येच अडायचा, सोंगट्या अर्ध्या वाटेत थांबायच्या. पोरं म्हणायची, "हा कर्नलचा कॅरम आहे, इथे जोर लागतो."

त्याच व्हरांड्यात एकदा एका मुलाने विचारलं, "कर्नल, वॉरमध्ये तुम्ही किती जणांना मारलंत?"

मी म्हटलं, "अरे, असं विचारतात का?" पण म्हातारा रागावला नाही. त्याने थोडा विचार केला.

"एक तर नक्की," तो म्हणाला.

मग एक जण दबकत म्हणाला, "नाझी?" म्हाताऱ्याने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कुणाला कळलं नाही. मला त्याचा अर्थ पुढच्या वर्षी कळला.

माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. काहीतरी बिघडलं आणि मला बरेच दिवस तोंडाने काही दिलंच नाही. घरी आलो तेव्हा हिने पेज करायला घेतली. कर्नल मला भेटायला आला होता, तो सरळ स्वयंपाकघरात गेला आणि हिच्या मागे उभा राहिला. माझा पलंग समोरच होता, त्यामुळे दोघं मला दिसत होते.

"हे काय?"

"राइस," ही म्हणाली. "राइस अँड वॉटर. अँड सॉल्ट." हिचं इंग्रजी असं शब्दाशब्दाने चालायचं, पण अडायचं नाही.

तिने वरची नुसती निवळ वाटीत काढली. उरलेलं पातेलं झाकून ठेवलं.

"बाकीचं का नाही देत?"

"उद्या. आज वरचं पाणी. उद्या थोडं दाट. परवा मऊ भात." आणि माझ्याकडे वळून, "अहो, सांगा ना त्यांना इंग्लिशमध्ये. उपाशी पोटात एकदम घातलं तर बाधतं म्हणावं."

मी सांगितलं. त्याने खुर्ची ओढली आणि बसला. पातेल्याकडे बघत राहिला.

"तुम्हाला हे माहीत होतं," तो म्हणाला.

"त्यात माहीत असायचं काय?" ही म्हणाली. "आजाऱ्याला कुणी एकदम पोळी वाढतं का?"

मी तेही सांगितलं. त्याने खिशातला चमचा काढला, वाटी घेतली आणि माझ्या पलंगाशी येऊन मला निवळ भरवायला लागला. मला ओशाळल्यासारखं झालं, पण तो ऐकेना. एक चमचा दिला की थांबायचा. माझा गळा हलेपर्यंत बघायचा. मग दुसरा. ही वाळत घातलेले कपडे आणायला बाहेर गेली, तेव्हा तो बोलायला लागला. माझ्याकडे न बघता, वाटीकडे बघत.

युद्ध संपत आलं होतं. हा एकवीस वर्षांचा. त्याची तुकडी जर्मनीत पुढे सरकत होती आणि वाटेत ती छळछावणी लागली. नाव त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. "वास आधी आला. छावणी नंतर दिसली. बाजूला पाइनची झाडं होती. छान झाडं होती." तारेच्या आत माणसं होती, काही उभी, काही आडवी, आणि आडव्यांतली कोणती जिवंत आहेत ते जवळ गेल्याशिवाय कळत नव्हतं. याच्या ट्रकमध्ये पाण्याची टाकी आणि रेशन. कुणाला काही हुकूम नव्हता. जो तो खिशात होतं ते काढून देत होता. बिस्किटं, चॉकलेट, सिगारेटी.

त्याच्या ट्रकच्या चाकाला टेकून एक माणूस बसला होता. थोडं इंग्रजी बोलायचा. गावात शाळामास्तर होतो म्हणाला. याने आपला मांसाचा डबा उघडून त्याच्या हातात दिला. मास्तरने आधी कोटाला हात पुसले. मग पहिला घास बोटांनी उचलून यालाच देऊ केला.

"माझ्याच डब्यातला," कर्नल म्हणाला. "मला म्हणाला, आधी तुम्ही."

मास्तरने थोडं खाल्लं आणि पुरे म्हणाला. हा म्हणाला, छे, पुरे काय, अजून पुष्कळ आहे. मास्तरने आणखी खाल्लं. याने दुसरा डबा उघडला. मास्तर हाताने नको नको करत होता आणि हसत होता, आणि हा म्हणत होता, घे रे, एवढ्याने काय होतंय.

"मला किती बरं वाटत होतं, मेट. तुला सांगतो, सबंध लढाईत मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं."

सकाळी तो ट्रक सुरू करायला गेला तर मास्तर चाकाला टेकून तसाच बसलेला. झोपला असेल असं याला वाटलं.

"डॉक्टर म्हणाला, एकट्या तुझ्या हातून नाही झालं, सगळ्यांकडून झालं. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. बरोबर आहे, सगळ्यांकडून झालं. पण त्या माणसाला डबा मी दिला होता."

नंतर मोठे डॉक्टर आले. उवा होत्या, त्यांच्यामुळे टायफसचा ताप पसरला होता म्हणून पंपांनी सगळ्यांच्या कॉलरमधून, बाह्यांतून पांढरी पावडर उडवली, याच्याही. सगळी माणसं पांढरी झाली, जिवंत आणि मेलेली सारखीच दिसायला लागली. आणि खाण्यासाठी त्यांनी एक मिश्रण आणलं, साखर, दुधाची पूड, पीठ असं काहीतरी. म्हणाले, बंगालच्या दुष्काळात हे दिलेलं आहे. ते इतकं गोड होतं की छावणीतल्या लोकांना गिळवेना.

"तेव्हापासून वाटायचं, बंगालचं कुणी भेटलं तर विचारीन, तुमच्याकडे कसं करतात? काय द्यायला हवं होतं? आणि हे इथे होतं," त्याने वाटीवर चमचा आपटला. "शेजारच्या घरात. तांदूळ आणि पाणी."

त्यानंतर त्याला पेजेचं वेडच लागलं. हिच्याकडून दोनदा करून घेतली, मग स्वतः करायला लागला. रस्त्यापलीकडच्या पोरांत कुणी शिंकलं तरी हा थर्मास घेऊन हजर. मीठ इतकं घालायचा की पोरं कुंडीत ओतायची आणि म्हणायची, "ग्रेट, कर्नल, थँक्स!" ती दोन वर्षं माझ्या इथल्या आयुष्यातली सगळ्यात चांगली. दुपार उतरली की दक्षिणेचा वारा सुटायचा, कॅरमच्या सोंगट्यांचा आवाज यायचा, आतून हिच्या फोडणीचा वास, आणि कुंपणापलीकडून हाक, "काय खाल्लंस आज?"

आता त्या दसऱ्याचं.

आमच्याकडे राहणारी अश्विनी सांगलीची, नर्सिंगला होती. तिने नवरात्राचे उपास धरले होते. आपले उपास कसे असतात ते वाचणाऱ्यांना सांगायला नको. रोज संध्याकाळी आमच्या टेबलावर साबुदाण्याची खिचडी असायची, बटाट्याची भाजी, दही, राजगिऱ्याचे लाडू, केळी. साबुदाणा सिडनीच्या दुकानातून मीच आणला होता. पोरगी नऊ दिवसांत भरलीच असेल थोडी.

दसऱ्याला मंडळाचं जेवण आमच्याकडे होतं. घर माणसांनी भरलेलं. ते वर्ष वाईट होतं. मेलबर्नला आपल्या मुलांना ट्रेनमध्ये, स्टेशनबाहेर मारहाण झाल्याच्या बातम्या रोज यायच्या, घरून आईबापांचे फोन यायचे, सगळे चिडलेले, घाबरलेले. मी सकाळीच सगळ्यांसमोर भाषण केलं होतं की आपण मान खाली घालून राहायचं नाही.

कर्नल टाय लावून आला होता. कोपऱ्यात खुर्चीत बसून चहाच्या चमच्याने कोशिंबीर खात होता. मी नवा रेशमी झब्बा घालून श्रीखंडाचं पातेलं घेऊन फिरत होतो. अश्विनीच्या पुढ्यात आलो आणि मला मिरवायची हुक्की आली. कर्नलकडे वळून मी मोठ्याने इंग्रजीत सांगितलं, "हिला बघ! नऊ दिवस! काही खाल्लेलं नाही हिने. फक्त पाणी. ही आमची मुलगी!"

"काका, काहीतरीच हां," अश्विनी हसत मराठीत म्हणाली.

"घे," मी म्हटलं आणि डाव उलटा केला.

"बास काका."

"बास काय, बास? नऊ दिवसांचं भरून काढायचंय. माझ्या हातचं घे आणखी एक."

"नको, खरंच पुरे." तिने ताटावर आडवा हात धरला. मी तिच्या बोटांच्या फटीतून वाढलं, वाढतात तसं. सगळे हसले.

त्याला मराठी येत नव्हतं. पण ताटावर धरलेला हात कळायला मराठी कशाला लागतं? तो कधी उठला ते मी पाहिलं नाही. एकदम माझ्या हातातलं पातेलं खाली गेलं आणि अश्विनीचं ताट त्याने दोन्ही हातांनी ओढून घेतलं. श्रीखंड तिच्या साडीवर, माझ्या झब्ब्यावर, गालिच्यावर. तो ओरडत होता, "थांबवा! मरेल ती! हळू द्या, हळू! मरेल ती!"

हे त्याचे शब्द. एवढेच. घाणेरड्या खाण्याचं, त्याच्या देशाचं त्यात काही नव्हतं. पण ऐकायच्या मनःस्थितीत कोण होतं? सगळ्यांनी पाहिलं ते हे, की एका गोऱ्याने सणाच्या दिवशी आपल्या मुलीच्या पुढचं ताट हिसकावलं.

"आपल्या घरात येऊन माज करतो?" एक मुलगा ओरडला. दोघांनी त्याला दंडाला धरलं. तेच दोघे, जे त्याच्या व्हरांड्यात रोज कॅरम खेळायचे.

त्याने झटापट केली नाही. माझ्याकडे बघितलं.

"सांग त्यांना," तो म्हणाला. "तुला माहीत आहे. सांग."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सांगायला मिनिटभरही लागलं नसतं. पण ते सांगायचं तर आधी हे सांगावं लागलं असतं, की पोरगी रोज खिचडी खात होती आणि मी नुसती बढाई मारली. माझ्या झब्ब्यावरून श्रीखंड ओघळत होतं. मी मंडळाचा अध्यक्ष होतो.

"प्लीज, गो होम," मी म्हटलं.

त्याने ताट टेबलावर ठेवलं, अगदी सावकाश, आणि गेला.

मी एवढ्यावर थांबलो असतो तरी बरं होतं. थोड्या वेळाने, माणसं शांत होईनात म्हणून, मी सगळ्यांना म्हणालो, "अशा लोकांशी आपण जपूनच राहायला हवं. मुलींनी तर त्या व्हरांड्याकडे फिरकू नये." टाळ्या पडल्या. आज ही गोष्ट ज्या रूपात पॉइंट कुकपर्यंत पोचली आहे, त्याची सुरुवात माझ्या त्या वाक्यात आहे.

सगळे गेल्यावर ही गालिचा पुसत होती. तिने विचारलं, "असं का केलं हो त्यांनी?" तेव्हा मी तिला शाळामास्तरची गोष्ट सांगितली. तिच्या हातातलं फडकं थांबलं.

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"उद्या सांगतो सगळ्यांना."

"उद्या कशाला? फोन करा. आत्ता करा."

मी म्हटलं, जरा निवळू दे. ते निवळलं नाही आणि मी सांगितलं नाही. प्रत्येक दिवस गेला तसं सांगणं आणखी अवघड होत गेलं. आता सांगितलं तर लोक विचारतील, मग इतके दिवस काय करत होतात? हिने दुसऱ्या दिवशी पेजेची वाटी कुंपणावर ठेवली. संध्याकाळी ती घासूनपुसून तिथेच ठेवलेली होती. पण हिने आवाज देऊनही तो बाहेर आला नाही.

पोरांनी कॅरम उचलून आणला. एका सकाळी मी पेपर घ्यायला बाहेर आलो तर त्याचा व्हरांडा पांढरा झालेला. पायऱ्या, खुर्ची, दाराचं पायपुसणं, सगळ्यावर कॅरमची पावडर ओतलेली. त्याला पावडर आवडत नाही एवढंच पोरांना माहीत होतं. का, ते मला माहीत होतं. तो पाण्याची नळी घेऊन धूत होता. पाठ माझ्याकडे होती. मी पेपर उचलला आणि आत आलो. माझ्या हातून जे जे झालं त्यात हे दृश्य मला सगळ्यात जास्त छळतं. दुसरी नळी आमच्या अंगणात होती.

उन्हाळा सुरू होता होता त्याची मुलगी गाडी घेऊन आली. कॅनबेराला तिच्या घराजवळ त्याची सोय केली होती. मी मागे झाडांना पाणी घालत होतो. तो कुंपणाशी आला. बरेच आठवडे आम्ही इतक्या जवळ उभे राहिलो नव्हतो. तो खूप वाळला होता.

"ती मुलगी," तो म्हणाला. "वाचली?"

मला आधी कळलंच नाही. मग लक्षात आलं. इतके आठवडे आम्ही कुणी त्याच्याशी बोललो नव्हतो. अश्विनी शिफ्टच्या सोयीसाठी दसऱ्यानंतर लगेच हॉस्पिटलजवळ राहायला गेली होती. ती त्याला पुन्हा दिसलीच नव्हती. तिचं काय झालं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"हो," मी म्हटलं. "ठीक आहे ती."

"खाते?"

"खाते."

"हळूहळू दिलंत ना?"

आता सांगावं, असं वाटलं. ती उपाशी नव्हतीच, मी उगाच बोललो होतो, तुझं काही चुकलं नाही, माझं चुकलं. शब्द अगदी तोंडाशी आले होते. पण त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर पेजेच्या पातेल्यापुढे बसला होता त्या दिवसाचं काहीतरी होतं.

"हो," मी म्हटलं. "आधी निवळ. मग थोडं दाट. मग मऊ भात."

त्याने डोळे मिटले. कुंपणाची फळी धरून तो थोडा वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "या वेळी वेळेवर पोचलो, मेट."

त्याच्या मुलीने हाक मारली. जाता जाता तो वळला. "आज काय खाल्लंस?"

मी काय सांगितलं ते आठवत नाही.

दोन हिवाळ्यांनंतर त्याची मुलगी घर विकायला आली, तेव्हा तो गेल्याचं कळलं. आता तिथे एक तरुण जोडपं राहतं, चांगली माणसं आहेत, हात हलवतात. ही जाऊनही बरीच वर्षं झाली. संध्याकाळी वारा सुटला की मी उगाच कुंपणाशी जाऊन उभा राहतो. मुलगा रोज फोन करतो, तब्येत विचारतो, औषधं विचारतो. काय खाल्लं ते विचारणारं कुणी राहिलं नाही.

हे लिहायच्या आधी अश्विनीला सांगणं भाग होतं. तिला दोन मुलं आहेत, सिडनीच्या एका हॉस्पिटलात ती आता सीनियर नर्स आहे. तिला फोन केला. सगळं सांगितलं, मास्तर, डबे, पावडर, खिचडी, माझं भाषण. मागे तिचा मुलगा "मम, हू इज इट?" विचारत होता. तिने त्याला गप्प केलं.

"काका, मी वॉर्डात हेच करते," ती म्हणाली. "बरेच दिवस न खाल्लेला पेशंट आला की थोडं थोडंच द्यायचं. दर वेळी रक्त तपासायचं. नातेवाईक भांडतात माझ्याशी. म्हणतात, उपाशी मारताय." मग म्हणाली, "आणि मी इतकी वर्षं पार्टीत त्यांची नक्कल करून दाखवतेय."

मी म्हटलं, "तुझी चूक नाही त्यात."

"तुमची आहे," ती म्हणाली. मला ते ऐकून बरं वाटलं. इतक्या वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं.

फोन ठेवताना तिने विचारलं, "म्हणजे त्यांना शेवटपर्यंत वाटत राहिलं, की मी त्यांच्यामुळे वाचले?"

"हो. मी तसंच वाटू दिलं."

"मग खिचडीचं लिहा, तुमचं लिहा, सगळं खरं लिहा काका," अश्विनी म्हणाली. "पण शेवटी लिहा, मुलगी वाचली."

मुलगी वाचली.